कनिष्ठ वकील आणि फलाकांक्षा
एखाद्या मोठ्या वकिली पेढीत नव्याने दाखल झालेल्या तरुणाच्या वाट्याला प्रारंभी येणारे काम न्यायासनासमोर युक्तिवाद करण्याचे नसून दप्तरे चाळण्याचे, दस्तऐवजांची तारीखवार यादी लावण्याचे आणि दुसऱ्याने केलेला मसुदा मूळ कागदांशी ताडून पाहण्याचे असते. आणि ते तो मन लावून करतो, ते ज्येष्ठांचा विश्वास बसावा व त्यापोटी अधिक मोलाची कामे मिळावीत म्हणूनच. मग फलाची आसक्ती सोडून कर्म करण्याच्या गीतोपदेशाला त्याच्या मेजाशी काही स्थान उरते काय? हा प्रश्न केवळ पोथीतला नव्हे. १८८२ साली गीतेचा इंग्रजी गद्यानुवाद प्रसिद्ध करणारे काशीनाथ त्र्यंबक तेलंग मुंबईच्या उच्च न्यायालयात वकिलीच करीत होते.

फळाचा विचारच करू नकोस, असे त्या तरुणाला सांगणे मला उथळ वाटते. अशिलाच्या बाजूने निकाल लागावा ही तळमळ ज्याच्या ठायी नाही, तो वकील विरक्त नव्हे, बेफिकीर होय. विवेक करावयाचा तो दोन फळांत: एक अशिलाचे, ज्याची चिंता वाहणे हाच त्याचा धर्म, दुसरे स्वतःच्या बढतीचे, ज्यावर दृष्टी खिळली की कागद वाचतानाही लक्ष ज्येष्ठांच्या मुद्रेकडे लागते, अडचणीची नोंद आढळली तरी ती सांगण्यास जीभ रेटत नाही, आणि विश्वास ज्या सचोटीवर उभा राहावयाचा तीच ढासळते.

या विवेकाचे एक उदाहरण पाहा: १८९३ साली मोहनदास गांधी दादा अब्दुल्लांच्या व्यापारी पेढीच्या कामासाठी दक्षिण आफ्रिकेत गेले, ते १०५ पौंडांच्या मेहनतान्यावर. प्रिटोरियातल्या दाव्यासाठी नामांकित बॅरिस्टर आधीच नेमलेले होते, आणि तेथील ॲटर्नी बेकर यांनी पहिल्याच भेटीत सांगून टाकले की, गांधींचा उपयोग अशिलाकडून माहिती मिळविण्यापुरताच होईल. दावा ४०,००० पौंडांचा, आणि त्याचे मर्म जमाखर्चात दडलेले. तेव्हा या तरुण बॅरिस्टराने पुस्तक आणून हिशेबनिशी शिकून घेतली, गुजराती पत्रव्यवहाराची भाषांतरे केली, आणि कागद इतके बारकाईने वाचले की, आपली बाजू बळकट असल्याची खातरी पटतानाच, दावा लांबला तर एकमेकांचे नातलग असलेले दोन्ही व्यापारी खर्चाखाली चिरडले जातील, हेही त्यांना उमगले. त्यांनी उभयतांना लवादास राजी केले. दादा अब्दुल्ला जिंकले. परंतु ३७,००० पौंड आणि वर खर्च एकरकमी भरावयाचा, तर प्रतिपक्षाच्या तय्यब शेठांचे दिवाळेच निघाले असते, म्हणून दीर्घ मुदतीचे हप्ते मान्य करवून घेण्यासाठी गांधींना स्वतःच्याच अशिलाची मनधरणी करावी लागली, आणि ती लवाद घडवून आणण्याहून अवघड गेली.

पुढे गीतेतील अपरिग्रहाचा अर्थ शोधताना इंग्रजी कायद्यातला विश्वस्त त्यांच्या साह्यास आला: अपार मालमत्ता ताब्यात असूनही तीतील कवडीही आपली न मानणारा. कनिष्ठाच्या मेजावरचे प्रत्येक दप्तर मला अशीच परक्याची ठेव वाटते. ते उघडताना आपल्या उत्कर्षाचा हिशेब बाजूला ठेवणे हीच त्याला साधण्याजोगी निष्कामता, आणि ती मोठ्या खटल्याची वाट पाहत नाही.

दोन फळांतला विवेक गांधींनी पुढेही पाळला: १८९४ साली दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळमधील सुमारे वीस व्यापाऱ्यांनी वर्षभराचे आपले कायद्याचे काम गांधींकडे सोपविले. सार्वजनिक कामाबद्दल मोबदला घेण्यास मात्र त्यांनी त्याच व्यापाऱ्यांना नकार दिला होता.