चुंदाचे जेवण



घरातले वडीलधारे माणूस अंथरुणाला खिळले की आपल्या वस्तीत दोन गोष्टी हटकून घडतात. दीक्षेच्या दिवशी सोडलेले जुने विधी कुणीतरी हळूच मागच्या दाराने आत आणतो, ही पहिली. दुसरी अधिक क्लेशदायक आहे. माणूस गेले की कुजबूज सुरू होते, "शेवटची पेज कुणी पाजली?" आणि सारा ठपका एखाद्या सुनेच्या माथी बसतो. अन्न बाधले, करणी केली, पायगुण वाईट. शब्द कोणताही असो, ती बाई जन्मभर ते ओझे वाहते. या कुजबुजीत पुरुषही मागे नसतात, हे आपण प्रामाणिकपणे कबूल करू.

भगवान बुद्धांचे वय तेव्हा 80 वर्षांचे होते. वैशालीजवळ बेलुव गावी वर्षावासात ते भारी दुखण्यातून उठले होते. आपला देह दोरांनी आवळून कसाबसा चालवलेल्या जुन्या गाड्यासारखा झाला आहे, हे त्यांनी आनंदाला सरळ सांगून टाकले. शिष्यांपासून काही राखून ठेवणारी गुरूची बंद मूठ आपल्यापाशी नाही, असेही ते म्हणाले. आपले लोक झाकल्या मुठीला सव्वा लाख मोल देतात. तथागतांनी ती उघडूनच ठेवली होती.

पुढे पावा नगरी चुंद लोहाराच्या आमराईत ते उतरले. चुंदाने मोठ्या श्रद्धेने जेवण वाढले. त्यात सूकरमद्दव नावाचा पदार्थ होता. ते डुकराचे मांस की अळंबी, यावर पंडित अजून वाद घालतात, घालोत बापडे. जेवणानंतर भगवंतांना रक्ताचे जुलाब सुरू झाले. असह्य वेदना सोशीत ते कुशीनाराकडे निघाले.

अशा स्थितीत त्यांना चिंता कुणाची? चुंदाची! उद्या लोक त्याला बोल लावतील, तोही मनात झुरत राहील. म्हणून त्यांनी आनंदाला बजावले, की चुंदाची समजूत घाल. संबोधीपूर्वी मिळालेले अन्न आणि हे अखेरचे अन्न, दोन्ही दानांचे फळ सारखेच थोर आहे. सुजातेची खीर आपण सारे जाणतो. चुंदाचे ताट तिच्याच पंक्तीला बसवून तथागत पुढे गेले. कुशीनारात दाराशी रडत उभ्या असलेल्या आनंदालाही त्यांनी जवळ बोलावले आणि त्याने केलेल्या सेवेची सर्वांसमक्ष वाखाणणी केली.

तेव्हा आजारी वडीलधाऱ्यांना माझे हात जोडून सांगणे आहे. शुद्ध आहे तोवर घरच्यांना जवळ बसवा. "माझी सेवा चांगली झाली, यात कुणाचा दोष नाही," हे चारचौघांदेखत, सुनेचे नाव घेऊन बोला. कुणाचे देणे राहिले, घराचे कागद कुठे ठेवले, तेही सांगा. श्राद्ध नको, पिंडदान नको, हेही तुम्हीच सांगा. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या 22 प्रतिज्ञांत ते आलेच आहे. पण तुमच्या तोंडून आले म्हणजे मागे राहिलेल्या पोराला भावकीपुढे मान खाली घालावी लागणार नाही.

आणि घरच्यांनीही मनातले विचारून घ्यावे. भगवंतांनी अखेरच्या रात्री भिक्षूंना तीनदा विचारले, कुणाला काही शंका आहे काय? सारे गप्प राहिले. तेव्हा ते म्हणाले, की माझ्या आदरापोटी संकोच वाटत असेल, तर निदान मित्राने मित्राजवळ तरी बोलावे.