‘ओन्ली’ची जागा

बेळगावच्या टिळकवाडीत पहिल्या रेल्वे गेटापाशी उभं राहून कुणी फोनवर ‘आय ॲम हिअर ओन्ली’ म्हणालं, तर बेळगावकराला अर्थ लगेच लागतो : ‘मी इथेच आहे, ये.’ इंग्लंडच्या माणसाला मात्र हा ‘ओन्ली’ खटकतो. ही चूक म्हणून खोडण्याआधी तो वाक्यात आला कुठून, ते पाहायला हवं.

तो आला ‘च’मधून. मराठीत ज्या शब्दावर भर, त्याच्या शेवटी ‘च’ लागतो : मीच, इथेच, कालच. शेजारची कन्नडही भर शब्दाच्या शेवटीच देते : ‘नानु’चं ‘नाने’, ‘इल्लि’चं ‘इल्ले’. घरात मराठी आणि बाजारात कन्नड बोलणाऱ्याला इंग्रजी बोलतानाही हा भर हवा असतो. इंग्रजीत तसा प्रत्यय नाही, म्हणून तो ‘ओन्ली’ला शब्दामागे जोडतो.

पण ‘च’ची कामं दोन. पहिलं, बाकीचं वगळणं. उदाहरण इथलंच घेऊ : काँग्रेसचं १९२४ चं अधिवेशन टिळकवाडीत भरलं. ‘गांधीजी बेळगावातच काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष झाले’ या वाक्यातला ‘च’ इतर सगळी अधिवेशनं वगळतो, आणि ते खरं आहे. इथे ‘ओन्ली’ खुशाल वापरावा, फक्त तो ‘बेळगाव’लाच लागला पाहिजे. क्रियापदाला लागला, तर गांधीजींनी इथे अध्यक्षपद सांभाळण्यापलीकडे काही केलं नाही, असा अर्थ निघेल. तो खोटा, त्याच दिवसांत इथल्या गोरक्षण परिषदेतही ते बोलले होते.

‘च’चं दुसरं काम खात्री देण्याचं. ‘तुला कालच सांगितलं ना!’ यात परवाचा दिवस वगळायचा नसतो. सांगून फार वेळ झालेला नाही, हे ठसवायचं असतं. ‘इथेच आहे’ म्हणजे शोधू नको, मी जवळ आहे. इंग्रजी अशा वेळी ‘जस्ट यस्टरडे’, ‘राइट हिअर’ म्हणते.

मुलांना ‘ओन्ली चूक’ एवढं सांगून भागत नाही. त्यांना ही दोन कामं वेगळी करून दाखवावीत. वाक्य आधी मराठीत म्हणायचं आणि ‘च’ काढून ‘फक्त’ घालून पाहायचा. ‘गांधीजी फक्त बेळगावात अध्यक्ष झाले’ हे जमतं, तिथे ‘ओन्ली’ ठेवावा. ‘मी फक्त इथे आहे’ हे जमत नाही, तिथे इंग्रजीतला दुसरा शब्द शोधावा.