महाड : संयमामागचा हिशेब

अहिंसक लढ्याचा विषय निघाला की आपल्याकडे बोलणे लगेच हृदयपरिवर्तनावर येते. सोसणाऱ्याचे हाल पाहून मारणाऱ्याला पाझर फुटतो, असे आपण धरून चालतो. महाडचा १९२७चा लढा बारकाईने पाहिला तर हे गृहीतक टिकत नाही. तिथे मारणाऱ्यांना पाझर फुटला नाही. तरीही लढा अहिंसक राहिला, आणि तसा राहिला म्हणूनच त्याचे वजन पडले.

सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळाने १९२३मध्ये मंजूर केला होता. महाड नगरपालिकेनेही पुढच्याच वर्षी चवदार तळे खुले केले होते. पण कागदावरच्या हक्काने घशाला ओल येत नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडला भरलेल्या अस्पृश्यांच्या परिषदेच्या जनसमुदायासह तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. त्यांनी कायदा मोडला नाही, कायदा वापरला. मोडली ती रूढी.

माणसे मंडपात परतली, जेवणे सुरू झाली. तेवढ्यात ‘आता हे वीरेश्वराच्या देवळात शिरणार’ अशी आवई उठली आणि काठ्या घेतलेला जमाव चालून आला. शिजलेले अन्न मातीत कालवले गेले, सापडेल त्याला झोडपले गेले. काहींना मुसलमानांच्या घरांनी आसरा दिला. बाबासाहेबांच्या मुक्कामाच्या बंगल्यावर परिषदेची चिडलेली माणसे जमली. त्यांत पलटणीत नोकरी केलेले गडी होते. ते दुबळे नव्हते, भ्यालेलेही नव्हते. एका शब्दाची वाट पाहत होते. तो शब्द बाबासाहेबांनी दिला नाही.

या नकाराला मी भूतदया म्हणणार नाही. त्या दिवशी उलट हात उठले असते तर संध्याकाळपर्यंत पाण्याच्या हक्काची बातमी दंगलीची बातमी झाली असती, आणि दोन्ही बाजूंवर सारखेच खटले भरले गेले असते. हात उठले नाहीत म्हणून आरोपीच्या पिंजऱ्यात फक्त हल्लेखोर उभे राहिले आणि त्यांतल्या काहींना शिक्षाही झाली. सवर्णांनी मात्र पंचगव्याच्या १०८ घागरी ओतून तळे ‘शुद्ध’ करून घेतले.

मग दबाव कशाचा होता? याच परिषदेत बाबासाहेबांनी लोकांना बजावले की मेलेली ढोरे ओढू नका, मृत मांस खाऊ नका, वतनाच्या पाशातून बाहेर पडा. पाण्याच्या प्रसंगापुढे हा भाग नेहमी झाकोळतो, पण मला तो अधिक मोलाचा वाटतो. गावगाडा ज्या हातांवर चालत होता, ते हात काढून घेण्याची ही हाक होती. ती जिथे जिथे पाळली गेली तिथे गावाने बहिष्काराने उत्तर दिले. मजुरी बंद, वाटा बंद. घाव वर्मी बसल्याचीच ही खूण. पण पहिला फटका बसला तो ज्याच्या घरात उद्याचे दाणे नव्हते त्याला. दुसऱ्याला संयमाचा उपदेश करणाऱ्याने आधी त्या घराच्या चुलीची व्यवस्था पाहिली पाहिजे.

डिसेंबरचा निर्णय तर याहून कठीण होता. पुन्हा तळ्यावर जाण्यासाठी जवळजवळ चार हजार लोकांनी नावे नोंदवली होती. २५ तारखेला मनुस्मृतीचे दहन झाले, वातावरण तापलेले होते. पण सवर्णांनी दिवाणी न्यायालयातून मनाई हुकूम आणला होता. बाबासाहेबांनी सत्याग्रह तहकूब केला. भांडण सवर्ण समाजाशी होते. हुकूम मोडून सरकारलाही अंगावर घेतले असते तर प्रतिपक्षाचे काम आयतेच झाले असते. उसळलेल्या लोकांना मागे फिरवायला पुढे नेण्याइतकेच धैर्य लागते.

नाशिकला काय घडले तेही पाहावे. काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३०पासून पाच वर्षे चालला. दादासाहेब गायकवाडांसारखे झुंजार संघटक होते, माणसांनी मार खाल्ला, तुरुंग भोगला. दार उघडले नाही. माझ्या मते त्याचे कारण सरळ आहे. या माणसांवाचून मंदिराचे काहीच अडत नव्हते; त्यांना बाहेर ठेवूनच ते आजवर चालले होते. केवळ सोसण्याने दबाव तयार होत नाही. १९३५मध्ये येवल्याला बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले, तेव्हा नकाराची जागाच बदलली. देवळात येऊ द्या ही विनंती संपली आणि धर्मच सोडण्याचा निर्धार पुढे आला.

चवदार तळ्याच्या दाव्याचा अंतिम निकाल मुंबई उच्च न्यायालयाने मार्च १९३७मध्ये अस्पृश्यांच्या बाजूने दिला. माणसे समान आहेत, या तत्त्वावर तो दिला गेला नाही. तळे केवळ सवर्णांचेच, ही अनादी काळापासूनची वहिवाट वादींना सिद्ध करता आली नाही, एवढेच न्यायालयाने म्हटले.