शाळा कोणाची?

मी चंद्रपूरचा. नोकरीसाठी मुंबईत आलो, तेव्हा माझगावमधल्या सर एली कदूरी शाळेवरून जायचो. शाळा सुटली की फाटकातून बाहेर पडणारी मुलं बहुतेक मुसलमान घरांतली असायची. ही शाळा ज्यूंनी काढली, हे मला फार उशिरा कळलं.

1875 मध्ये हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी ती ‘इस्रायलाइट स्कूल’ म्हणून सुरू केली. केहिमकर आडनाव अलिबागजवळच्या किहीमवरून आलेलं. कोकणातले हे बेने इस्रायल लोक मराठी बोलायचे, तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे. म्हणून त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. शनिवार त्यांनी शेकडो वर्षं पाळला होता, पण हिब्रू जवळजवळ विसरली होती.

ती शिकवायला आले ख्रिस्ती मिशनरी. जॉन विल्सन यांनी हिब्रूचं व्याकरण मराठीतून लिहिलं आणि 1832 मध्ये छापलं. यहुद्यांनी येशूकडे वळावं, हा हेतू त्यामागे होताच. बेने इस्रायलांनी हिब्रू घेतली आणि ते यहुदीच राहिले. पुढे केहिमकरांनी स्वतःची शाळा काढली. जोसेफ इझेकिएल राजपूरकर यांच्यासारख्या शिक्षकाने हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या.

1948 नंतर बरेच लोक इस्रायलला गेले. एकेकाळी 20 हजारांच्या आसपास असलेला समाज आता भारतात 5 हजारांच्याही आत आहे. शाळा चालू आहे, बाकावर दुसरी मुलं बसली आहेत.

मग वारसा वाचला की बुडाला? आमच्या धंद्यात जुना कोड असतो. लिहिणारा सोडून गेलेला, का लिहिला ते कोणाला ठाऊक नाही, पण चालतोय म्हणून कोणी हात लावत नाही. त्याला कोणी ‘जतन’ म्हणत नाही. आधी मी शाळेलाही हेच माप लावलं. आता तसं वाटत नाही. या शाळेतली हिब्रूच मुळात परक्याकडून आलेली होती. देणाऱ्याचा हेतू एक, घेणाऱ्याने केलं दुसरंच. मग आज तिथे शिकणाऱ्या मुलीला ‘ही जागा तुझी नव्हे’ असं कुठल्या तोंडाने म्हणायचं? तिने हिब्रू शिकावी असंही मी म्हणणार नाही. केहिमकर कोण होते, एवढं मात्र तिला कोणीतरी सांगायला हवं. तिच्यावर उपकाराचं ओझं टाकायला नव्हे. आपल्या बाकावर आधी कोण बसून गेलं, हे कळावं म्हणून.

हे मी इतक्या हिरिरीने का लिहितोय? माझी आजी गोंडी बोलायची. बाबा लहानपणी शाळेत गोंडीत काही बोलले की बाकीचे हसायचे. त्यांनी बोलणं सोडलं आणि माझ्यापर्यंत काहीच आलं नाही. केहिमकरांच्या शाळेने विसरलेली भाषा परत दिली. आमच्या घरातली भाषा शाळेच्या दारात गेली. त्यामुळे ‘शाळा चालू आहे ना, मग झालं’ हे मला पूर्ण पटत नाही. शाळा चालते आणि भाषा मरते, असंही होतं.

गडचिरोलीत धानोरा तालुक्यातल्या मोहगावात ग्रामसभेने 2019 मध्ये गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली, नाव ठेवलं गोटूल. प्रशासनाने तिला अनधिकृत ठरवलं, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. माझगावात शाळा आहे, तिचा समाज निघून गेला. मोहगावात समाज आहे, मुलं आहेत, भाषा आहे. भांडण शाळेच्या मान्यतेचं आहे. केहिमकरांना परक्यांनी निदान व्याकरण तरी छापून दिलं होतं.

गेल्या दिवाळीत घरी गेलो तेव्हा बाबांना विचारलं, पाण्याला गोंडीत काय म्हणतात? ‘येर,’ ते म्हणाले. मग आई जेवायला हाक मारेपर्यंत एकेक शब्द आठवून सांगत बसले.