नकाराची जागा

मराठी कानावर ‘आमिश’ हा शब्द प्रथम पडतो तेव्हा गळाला लावलेल्या आमिषाची आठवण झाल्यावाचून राहत नाही. आणि ज्या लोकांनी गेली तीन शतके जगाने पुढे केलेले एकेक आमिष हातात घेऊन, उलटसुलट पारखून, बहुधा परतच केले, त्यांच्याच वाट्याला असे नाव यावे, हा उच्चारसाम्याचा मोठा मिस्कील खेळ म्हटला पाहिजे. वस्तुतः या नावाचा आमिषाशी काडीचाही संबंध नाही. याकोब अम्मान नावाच्या एका करारी धर्मोपदेशकाने १६९३ साली स्वित्झर्लंड व आल्सास या मुलखांतील आपल्या पंथबांधवांशी वाद घालून जो सवतासुभा उभा केला, त्याचे अनुयायी ते आमिश. युरोपात त्यांची शेवटची मंडळी १९३७ साली मेनोनाइट या भावंड पंथात विलीन झाली. परंतु अठराव्या शतकात विल्यम पेनच्या धर्मसहिष्णू वसाहतीत, म्हणजे आजच्या पेन्सिल्व्हेनियात, जी थोडी कुटुंबे उतरली त्यांचा वंशविस्तार असा काही झाला की १९०० साली जे ५-६ हजार होते ते आज ओहायो, इंडियाना इत्यादी राज्यांत पसरून ४ लाखांच्या घरात गेले आहेत. घोडागाडीतून हिंडणारे आणि घरात सार्वजनिक तारेची वीज न घेणारे हे लोक समाजमाध्यमे वापरतात काय, असा प्रश्न हल्ली कुतूहलाने विचारला जातो. वरवर तो पोरकट वाटतो. मला मात्र त्यात धर्मविचारातील एक फार जुना प्रश्न नवे वस्त्र नेसून आलेला दिसतो: एखाद्या वस्तूला नकार द्यायचा, तर तो द्यावा कोणी? व्यक्तीने, की तिच्या समाजाने?

आमिशांचे उत्तर समजून घ्यायचे तर अम्मानच्याही मागे, तो ज्या पंथातला होता त्याच्या उगमाकडे गेले पाहिजे. १५२५ च्या जानेवारीत झूरिक शहरात काही तरुणांनी, अर्भकपणी झालेला आपला बाप्तिस्मा निरर्थक मानून, प्रौढ वयात जाणतेपणी पुन्हा बाप्तिस्मा घेतला, आणि त्या एका कृत्याने राजसत्ता व धर्मसत्ता दोन्ही एकदम बिथरल्या. कारण मूल जन्मताच ज्या वहीत नोंदले जाई ती वही धर्माची होती तशीच राज्याचीही होती. त्या तरुणांपैकी फेलिक्स मान्त्स याला १५२७ साली, त्याच शहरात, लिम्मत नदीत बांधून बुडवण्यात आले. पासाऊच्या कारागृहात खितपत पडलेल्या पंथबांधवांनी रचलेली स्तोत्रे ‘आउसबुंड’ या संग्रहात आहेत आणि आमिश लोक ती आजही, वाद्याच्या साथीवाचून, इतक्या संथ लयीत गातात की एकेक स्तोत्र संपता संपत नाही. या इतिहासातून दोन गोष्टी त्यांच्या हाडीमांसी खिळल्या. पहिली ही की बाहेरचे जग कृपेचे नाही, त्याच्याशी बेताने वागावे. आणि दुसरी ही की धर्म जन्माने लाभत नाही, तो शपथेने स्वीकारावा लागतो, आणि ती शपथ देवापुढे घेतली तरी मंडळीच्या देखत आणि मंडळीच्या स्वाधीन होऊन घ्यायची असते.

या स्वाधीनतेचे नित्याचे रूप म्हणजे ‘ओर्डनुंग’. आपल्या जुन्या दप्तरांतला ‘जाबता’ हा शब्द त्याला चपखल बसतो; फरक एवढाच की हा जाबता बहुतेक ठिकाणी कागदावर नसतो, लोकांच्या वागण्यात असतो. टोपीचा काठ किती रुंद असावा, गाडीला दिवा कोणता लावावा, ट्रॅक्टर गोठ्यापाशी यंत्र फिरवायला चालेल पण नांगराला जुंपता येणार नाही, असले बारीकसारीक नियम बाहेरच्या माणसाला हास्यास्पद वाटतात, आणि मी प्रांजळपणे कबूल करतो की त्यांतील काही मलाही तसेच वाटतात. पण हा जाबता ठरतो कसा, हे पाहण्यासारखे आहे. वीस ते चाळीस कुटुंबांची एक मंडळी असते. तिला देऊळ नसते, उपासना आळीपाळीने घरोघरी होते. उपदेशक पगारी नसतो, शिकलेला नसतो. मंडळीने सुचवलेल्या पुरुषांपुढे तितकीच स्तोत्रपुस्तके मांडतात, त्यांतील एकात चिठ्ठी लपवलेली असते, आणि ज्याच्या हाती ते पुस्तक येईल त्याच्या खांद्यावर ते ओझे जन्मभरासाठी पडते. पुष्कळदा तो माणूस तेथेच रडू लागतो. वर्षातून दोनदा, प्रभुभोजनाच्या आधी, सारी मंडळी बसून जाबत्याची उजळणी करते आणि बाप्तिस्मा झालेल्या प्रत्येक स्त्रीपुरुषाला तो मान्य आहे की नाही, हे विचारले जाते. एकमत नसेल तर प्रभुभोजन पुढे ढकलतात. म्हणजे एखाद्या यंत्राविषयीचा मतभेद न मिटल्यास साऱ्या गावाचा सर्वांत पवित्र विधी अडून राहतो. यंत्राचा प्रश्न इतक्या गांभीर्याने घेणारा दुसरा समाज माझ्या माहितीत नाही.

या पद्धतीची खरी परीक्षा दूरध्वनीने पाहिली. विसाव्या शतकाच्या आरंभी पेन्सिल्व्हेनियातील लँकेस्टर परगण्यातील काही आमिश शेतकऱ्यांनी आपल्या घरी दूरध्वनी घेतला होता, आणि त्या काळी एकाच तारेवर अनेक घरे जोडलेली असत, तेव्हा एकीने दुसरीजवळ तिसरीचे काढलेले उणेदुणे चौथी आपल्या घरात निवांत ऐकत बसे. चहाड्या वाढल्या, मने कलुषित झाली, आणि १९१० च्या सुमारास मंडळीत जी फूट पडली तिच्या कारणांत हे यंत्रही होते. वडीलधाऱ्यांनी घरातला दूरध्वनी नामंजूर केला. परंतु प्रसूतीच्या वेळी डॉक्टरला बोलवायचे कसे, आग लागली तर काय करायचे, या अडचणी खऱ्या होत्या, म्हणून पुढे चार-पाच कुटुंबांत मिळून एक दूरध्वनी ठेवण्याची मुभा मिळाली, आणि तो कोठे ठेवला? शेताच्या बांधाला, गल्लीच्या टोकाशी, एका लाकडी खोपटीत. थंडीवाऱ्यात तेथपर्यंत चालत जावे लागे, बसायला जेमतेम जागा असे, आणि आत कोण शिरले व किती वेळ होते, हे चार शेजाऱ्यांना आपोआप दिसे. घंटा वाजली तरी जेवणाचे ताट सोडून कोणी उठत नसे, कारण ती ऐकूच येत नसे.

मला ही खोपटी धर्मशास्त्राचा एक अत्यंत सुबुद्ध ग्रंथ वाटते. यंत्र वाईट, असे ती म्हणत नाही. यंत्र आणि चूल यांच्यामध्ये किती पावलांचे अंतर असावे, एवढेच ती ठरवते. तारेच्या विजेला नकार देऊन बॅटरी व हवेच्या दाबावर चालणारी अवजारे चालू देणारा, मोटार विकत घेण्यास मनाई करून भाड्याच्या मोटारीत बसू देणारा विचार हाच. ढोंगाचा आरोप त्यावर सतत होतो, पण प्रत्येक ठिकाणी प्रश्न एकच विचारलेला दिसतो, की या वस्तूने माणूस शेजाऱ्याजवळ येईल की त्याच्यापासून दूर पळेल.

आणि आता मूळ प्रश्नाकडे वळतो, कारण खिशातल्या फोनने या खोपटीच्या भिंतीच काढून घेतल्या. बहुतेक मंडळ्यांचा जाबता घरात इंटरनेट नको म्हणतो, समाजमाध्यमांना मज्जाव करतो. तथापि वस्तुस्थिती एकरंगी नाही. लँकेस्टरमध्ये जमीन महाग झाल्याने शेती सोडून सुतारकी, छपरे घालणे, फर्निचर अशा धंद्यांत शिरलेल्या माणसाला गिऱ्हाइकाचा फोन खोपटीत घेऊन कसे भागणार? उत्तर इंडियानात पुष्कळ पुरुष फिरत्या घरांच्या कारखान्यांत मजुरीला जातात, तेथे मोबाइल सर्रास दिसतो. कित्येक दुकानांची संकेतस्थळे बाहेरची मुखत्यार माणसे चालवतात. उलट स्वार्त्सेन्ट्रुबर नावाच्या अतिकर्मठ शाखेत असल्या वाटाघाटींना वावच नाही. आणि तरुणांची गोष्ट आणखी निराळी. सोळाव्या वर्षापासून बाप्तिस्म्यापर्यंतचा जो काळ ‘रुमश्प्रिंगा’ म्हणून ओळखला जातो, त्या काळात मुलाने शपथच घेतलेली नसते, म्हणून जाबता त्याला पुरता लागू होत नाही. फेसबुकावर आपले छायाचित्र चढवणारा आमिश तरुण आईबापांची झोप उडवील, पण धर्मभ्रष्ट ठरणार नाही. पुढे शपथ घेताना त्याने फोन ठेवून द्यावा, अशी अपेक्षा असते, आणि सुमारे ८५ टक्के तरुण अखेर मंडळीतच राहतात.

तेव्हा आमिश समाजमाध्यमे वापरतात काय, याचे प्रामाणिक उत्तर ‘वापरू नयेत असे ठरले आहे, आणि काही वापरतात’ असे आहे. परंतु या माध्यमावरचा त्यांचा आक्षेप दूरध्वनीवरच्या आक्षेपाहून खोल आहे. त्यांच्या नीतिशास्त्रात सर्वांत मोठा दुर्गुण ‘होखमूट’, म्हणजे गर्व, आणि सर्वांत मोठा गुण ‘गेलासेनहाइट’, ज्याला आपण समर्पण म्हणू, अहंता सोडून शांतपणे स्वाधीन होणे म्हणू. छायाचित्रासाठी ठाकठीक होऊन उभे राहणे त्यांना मूर्तिनिषेधाच्या आज्ञेचा भंग वाटते. मुलींच्या चिंध्यांच्या बाहुल्यांना पुष्कळदा नाकडोळे काढलेले नसतात. जेथे बाहुलीलाही चेहरा मिरवण्याची सवलत नाही, तेथे चेहराच ज्याचे भांडवल आहे असे माध्यम कसे रुजू व्हावे? मी स्वतः या माध्यमांवर काही वर्षे वावरलो आहे, आणि एखादा मजकूर टाकल्यावर किती जणांनी वाखाणला, हे दर दहा मिनिटांनी पाहण्याचा जो चोरटा चाळा जडतो, त्याला कोणत्याही मानसशास्त्रीय परिभाषेपेक्षा ‘होखमूट’ हे नाव मला अधिक नेमके वाटले.

येथपर्यंतचे वर्णन वाचून वाचकाला मी आमिशांचा भाट वाटलो असेन, तर ती समजूत दुरुस्त केली पाहिजे. या सामुदायिक नकाराची किंमत असते आणि ती एकेकट्या माणसाला मोजावी लागते. शपथ घेऊन नंतर जाबता मोडणाऱ्याला ‘मायडुंग’ सोसावी लागते. त्याच्यासोबत एका ताटपाटावर जेवू नये, त्याच्या हातून वस्तू घेऊ नये. मराठी वाचकाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. आपल्याकडच्या जातपंचायतींनी कुटुंबेच्या कुटुंबे वाळीत टाकली म्हणून महाराष्ट्राला २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. शिवाय मुलांचे शिक्षण आठव्या इयत्तेत थांबते, आणि १९७२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, विस्कॉन्सिन राज्य विरुद्ध योडर या खटल्यात, धर्मस्वातंत्र्याच्या नावाने ते थांबवण्याचा आईबापांचा अधिकार मान्य केला. त्या निकालात न्यायमूर्ती डग्लस यांनी अंशतः भिन्न मत नोंदवून विचारले होते की मुलांना काय हवे आहे, हे कोणी पाहिले काय. मला तो प्रश्न बिनतोड वाटतो. जाणतेपणी घेतलेल्या शपथेसाठी ज्यांच्या पूर्वजांनी नदीत प्राण दिले, त्यांच्याच वंशजांनी मुलाला जाण येण्याची एक वाट अगोदरच बुजवून टाकावी, यातला विरोध कोणत्याही युक्तिवादाने मिटत नाही.

तरीही व्यक्तीच्या निग्रहावर सारा भार टाकणारा आपला मार्ग अधिक मोकळा असला तरी अधिक यशस्वी आहे, असे मला म्हणवत नाही. गांधीजींनी १९०९ साली ‘हिंद स्वराज्य’ लिहून यंत्रसंस्कृतीवर कडाडून हल्ला चढवला आणि पुढे सिंगरच्या शिवणयंत्राला मात्र अपवाद केला, कारण त्याच्या मुळाशी त्यांना लोभ दिसला नाही, प्रेम दिसले. यंत्र पारखण्याची ही कसोटी आमिशांच्या कसोटीची सख्खी बहीण आहे; पण गांधीजींचा अपवाद त्यांच्या विवेकाने केला, आणि त्यांच्या पश्चात तो विवेक चालवील अशी वर्षातून दोनदा बसणारी मंडळी आपल्याकडे कोणी उभी केली नाही. आज फोन बाजूला ठेवण्याचा संकल्प जो तो एकट्याने करतो आणि एकट्यानेच मोडतो. तो मोडला म्हणून कोणाचेही प्रभुभोजन अडत नाही.

राहता राहिली एक गोष्ट, जी या साऱ्या चर्चेत सहसा कोणी काढत नाही. या लोकांना स्वतःचे समाजमाध्यम आहे. ओहायोतील शुगरक्रीक गावाहून १८९० पासून ‘द बजेट’ नावाचे एक साप्ताहिक निघते. त्यात गावोगावच्या वार्ताहरांची पत्रे छापतात. पाऊस किती झाला, मका कसा आहे, उपासना कोणाच्या घरी झाली, कोण कोणाकडे पाहुणे आले, कोणाला मुलगी झाली, कोण शिडीवरून पडले. फेसबुकावर जे असते तेच हे. एवढेच की लिहिणाऱ्याला त्यात मिरवता येत नाही आणि वाखाणणी मोजण्याची सोय नाही. मध्यंतरी चालकांनी ही पत्रे इंटरनेटवर घालण्याचा बेत केला. वार्ताहरांनी कळवले की तसे झाल्यास आम्ही लिहिणे बंद करू, आणि बेत सोडून द्यावा लागला.