पडल्यानंतरची पहिली फेरी

हाड जुळायला किती आठवडे लागतील, हे डॉक्टर सांगतात. पुन्हा गाडीवर बसायचा धीर कधी येईल, हे कुणी सांगत नाही. चंद्रपूर-मूल रस्त्यावर रोज अप-डाऊन करणाऱ्यांना हे नव्याने सांगायला नको. संध्याकाळी केळझर ते चिचपल्ली या पट्ट्यात रानडुकरं आडवी येतात. पहिलं डुक्कर दिसतं, आपण ब्रेक दाबतो, ते पलीकडे जातं. सुटलो म्हणून गाडी पुढे काढावी, तर मागचं थेट चाकाखाली येतं. शाळेतून परतताना माझं असंच झालं आणि कॉलरबोन मोडलं.

हाड जुळलं, हातही डोक्यावर जाऊ लागला. पण उभ्या गाडीची किल्ली फिरवली तरी तळहाताला घाम सुटायचा. घरचे म्हणायचे, "घाबरू नका, आता काही होत नाही." मायेनेच म्हणायचे, पण ते खरं नव्हतं. रस्ता तोच होता, जंगल तेच, डुकरंही तीच. जे उद्या पुन्हा घडू शकतं, त्याची भीती मनातून काढायची तरी कशी?

माझ्या शाळेच्या गावात एक मावशी आहेत. मोह वेचताना अस्वलाने त्यांच्यावर हल्ला केला होता. खांद्यापासून कोपरापर्यंत त्याचे व्रण आहेत. पुढच्या हंगामात त्या पुन्हा टोपली घेऊन निघाल्या. मोहाचा हंगाम मार्च-एप्रिलचा. फुलं रात्री उशिरा आणि पहाटे गळतात. उन्हं चढेपर्यंत थांबलं तर गुरं-हरणं ती खाऊन जातात, म्हणून लोक अंधारातच झाड गाठतात. अस्वलालाही त्याच वेळी तीच फुलं हवी असतात. वेचणारा वाकलेला, अस्वल खाण्यात गुंग. दोघं अचानक समोरासमोर आले की ते बिथरतं आणि अंगावर येतं.

मी विचारलं, "मावशी, भेव नाही लागत?"

"भेव त लागतेच, सर. पण एकट्यानं जावाचं नाई."

त्यांनी आपला रिवाज बदलला होता. उजाडल्याशिवाय निघायचं नाही, चार फुलं कमी मिळाली तरी चालतील. सगळ्या जणी मिळून जायचं. वाटेने मोठ्याने बोलत राहायचं, म्हणजे जनावराला आधीच चाहूल लागते. बाकीच्या वाकल्या की एकीने काठी घेऊन उभं राहायचं. त्यांच्या भीतीने त्यांना अडवलं नव्हतं, वेळ आणि सोबत ठरवून दिली होती. मला ही वाट पटली.

मीही गाडी आधी कॉलनीच्या मैदानात फिरवली. मग सकाळच्या उजेडात त्याच रस्त्यावरच्या लोहाऱ्यापर्यंत. सोबतीला शाळेतले एक सहकारी, त्यांच्या गाडीवर, माझ्या थोडे मागे. त्या फेरीत लक्षात आलं की माझे कोपर ताठ झालेत, चार बोटं ब्रेकवर आवळलीत आणि नजर कडेच्या झुडपांवर खिळली आहे. गाडीही त्या झुडपांकडेच ओढली जात होती, कारण चालवणाऱ्याची नजर जिथे, गाडी तिथे. सहकारी शेजारी आले आणि म्हणाले, "सर, झुडपं नका पाहू, रस्ता पाहा." नजर पुढे गेली तसे खांदे आपोआप सैल झाले.

घोडेस्वारांना हे चांगलं ठाऊक असतं. स्वाराचं अंग आखडलं की घोडाही अस्वस्थ होतो. डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांना १९४४ मध्ये पोलिओ झाला आणि गुडघ्याखालचे पाय कायमचे लुळे पडले. त्या परत घोड्यावर बसल्या. पायांनी इशारा देता येत नव्हता, म्हणून पाठीने आणि अंगाच्या भाराने देऊ लागल्या. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये घोडेस्वारीच्या ड्रेसाज प्रकारात त्यांनी ज्युबिली या घोडीवर रौप्यपदक जिंकलं. तेव्हाही घोड्यावर चढायला-उतरायला त्यांना मदत लागायची. या गोष्टीत मला पदकाहून ती मदत मोठी वाटते. एवढी मोठी स्वारही एकटी चढत नव्हती.

आता मी पुन्हा त्याच रस्त्याने जातो. दिवस मावळायच्या आत निघता येईल असं पाहतो. एक जनावर ओलांडून गेलं की थांबून राहतो, मागे कळप असेल असं धरूनच. सगळा भार चालवणाऱ्याच्या सावधपणावर टाकणं मात्र बरोबर नाही. पेंचच्या जंगलातून जाणाऱ्या नागपूर-शिवनी महामार्गावर जनावरांसाठी रस्त्याखालून वाटा ठेवल्या आहेत आणि वाघांसह कितीतरी प्राणी त्या वापरतात. चंद्रपूर-गडचिरोलीच्या प्रत्येक जंगलरस्त्याला अशी सोय हवी. ती माणसांसाठीही हवी आणि जनावरांसाठीही, कारण त्या संध्याकाळी मी वाचलो, ते डुक्कर वाचलं नाही.

आणि तुमच्या घरी कुणी असं पडून उठत असेल, तर "घाबरू नको" एवढं म्हणून थांबू नका. पहिल्या फेरीला आपली गाडी काढा आणि त्यांच्या मागे मागे जा.