मिरीचा वास आणि माझी साक्ष

भाची मेलबर्नहून येताना व्हिक्टोरियातल्या ग्रँपियन्स डोंगरांतली शिराझ घेऊन आली. तिकडच्या थंड हवेत द्राक्षं सावकाश पिकतात, आणि त्या वाइनला मिरीचा वास येतो म्हणतात. दादरच्या आमच्या घरी सगळ्यांनी ग्लास नाकाशी नेले आणि एकमुखाने 'मिरी' म्हणाले. मला जांभूळ जाणवलं, तुरटपणा जाणवला. मिरी नाही. भाचीने मग नाशिकची शिराझही आणवली, ग्लास कागदाने झाकले, क्रम बदलला आणि प्रत्येकाला न बोलता लिहायला लावलं. माझ्याखेरीज सगळ्यांनी मिरी एकाच ग्लासापुढे लिहिली. "मामा, तुम्हाला खरंच येत नाही?" तिने विचारलं.

मी लालबागचा. मिरची गल्लीच्या वासात वाढलो. उन्हाळ्यात आई खडा मसाला भाजून डंकावर कुटून आणायची, तेव्हा आमची खोली दिवसभर शिंकत असे. मिरी मला कळत नाही, हे मला कोणी पटवून देऊ शकलं नसतं.

पण मिरी जिभेला झोंबते ती पाइपरीनमुळे, आणि तिचा खास वास येतो रोटंडोन या वेगळ्याच द्रव्यामुळे. ॲडलेडच्या ऑस्ट्रेलियन वाइन रिसर्च इन्स्टिट्यूटने 2008 मध्ये ते शिराझमध्ये आणि मिरीतही दाखवलं. ते द्राक्षाच्या सालीत असतं, थंड जागी अधिक. एक लिटर पाण्यात एका ग्रॅमचे आठ अब्जांश एवढं असलं तरी नाकाला कळतं. मात्र त्यांच्या चाचणीत दर पाच माणसांमागे साधारण एकाला ते तपासलेल्या सर्वाधिक प्रमाणातही कळलं नाही. त्या पाचव्या माणसाला आपलं काही हरवलंय याची खबरही नसते. तो मिरी खातो, तिखट लागते, समाधानी असतो.

आयुष्यभर मी शाळेत संस्कृत शिकवलं, त्यामुळे मला इथे अन्नंभट्टाचा 'तर्कसंग्रह' आठवला, आणि त्याच्यामागची सगळी नैयायिक-मीमांसकांची भांडणं. अभाव कसा कळतो यावर त्यांचं एकमत नाही. भाट्ट मीमांसक त्यासाठी अनुपलब्धी, म्हणजे वस्तू न आढळणं, हे ज्ञानाचं स्वतंत्र प्रमाण मानतात, नैयायिक मानत नाहीत. एका अटीवर मात्र दोघं ठाम आहेत: वस्तू असती तर ती कळलीच असती, अशी परिस्थिती हवी. जमिनीवर घडा दिसत नाही, म्हणून तो नाही, हे बरोबर. खांबापाशी पिशाच दिसत नाही, म्हणून ते नाही, हे चूक. पिशाच डोळ्यांना दिसण्याजोगं नाहीच. ही अट मला भारतीय तर्कशास्त्रातली सर्वांत प्रामाणिक गोष्ट वाटते.

आषाढीला आई आम्हाला वडाळ्याच्या विठ्ठलमंदिरात न्यायची. रांगेत तासन्‌तास उभी राहून गाभाऱ्यापाशी पोचली की म्हणायची, "आहे रे तो इथं." मला मूर्ती दिसे, तुळशीचा वास येई, बाकी काही नाही. तेवढ्यावरून मी 'काही नाही' असा निर्णय द्यावा का? माझी अनुपलब्धी त्या अटीत बसते, हे मी कशावरून ठरवू?

माझे एक नास्तिक मित्र म्हणतात, मिरीसाठी यंत्र आहे, विठ्ठलासाठी नाही. आक्षेप वजनदार आहे. पण रोटंडोन इतकं थोडं होतं की यंत्राच्या आलेखात त्याच्याकडे लक्षच जात नव्हतं. यंत्रातून बाहेर पडणारा वायू माणसांनी हुंगला, 'इथे मिरी' म्हणून सांगितलं, तेव्हा कुठे शोधायचं ते कळलं. यंत्राच्या आधी नाकाची साक्ष होती.

अडचण मला दुसरीकडे दिसते. आमच्या घरातल्या साक्षी जुळल्या. आईची साक्ष आणि दादरच्या पोर्तुगीज चर्चमध्ये गुडघे टेकलेल्या बाईची साक्ष जुळेल का? दोघी 'आहे' म्हणतील. कोण, कसा, हे विचारलं की वाटा फुटतील. हा मतभेद मी झाकू इच्छित नाही, आणि 'सगळे एकच सांगतात' हे सोपं उत्तरही मला पटत नाही. ग्लास झाकून क्रम बदलायला स्वतःला मिरीचा वास यावा लागत नाही. तसंच या दोघींना वेगवेगळं बसवून, नावं बाजूला ठेवायला सांगून, 'तो क्षण आला की तुमच्यात नेमकं काय बदलतं?' हे विचारण्याचं काम माझ्यासारख्याला करता येईल. आई आता नाही. तिच्याबरोबर वारीला जाणाऱ्या लालबागच्या दोन म्हाताऱ्या अजून आहेत. सुरुवात त्यांच्यापासून करायची आहे.